होडीची मागची फळी बदलायचीय, कुठली करवत घेऊ?

मालवणच्या बाजूच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात देतो: "बाबांची 26 फुटी फायबरची होडी आहे, मागे 25 एचपीचं आउटबोर्ड. दोन सीझन झाले, ट्रान्सम म्हणजे इंजिन लटकतं ती मागची फळी, गिअर टाकला की हलते. यंदा जूनमध्ये होडी वर ओढली की ती फळी बदलायची, पुढच्या डेकमध्ये जाळी आणि दोर ठेवायला झाकणाचं भोक पाडायचं आणि मधे बर्फाची पेटी करायची असं ठरवलंय. काम मी आणि भाऊ करणार, काका सुतार आहेत ते मदतीला. काका म्हणतात माझ्या कटरला लाकडाचं पातं लाव, सगळं कापून निघतं. भाऊ मुंबईला असतो, त्याने ऑनलाइन एक कॉर्डलेस किट बघून ठेवलंय, त्यात करवत, ग्राइंडर, ड्रिल सगळं येतं. बजेट 20 हजार. नक्की कुठली करवत घेऊ?"

ताई नमस्कार. तुम्ही स्वतः हे काम करायला घेताय याचा खरंच आनंद झाला. ही कामं बाहेरच्यावर टाकून लोक बसून राहतात आणि अर्धा ऑगस्ट संपला तरी होडी वरच असते.

तुम्ही एक करवत विचारलीय पण काम एक नाहीये. फायबर कापणं वेगळं, फायबरच्या दोन थरांमधलं कुजलेलं प्लाय काढणं वेगळं आणि पेटीसाठी नवीन प्लाय कापणं वेगळं. या तिन्हीला चालेल अशी करवत मिळत नाही आणि तशी शोधायच्या नादातच पैसे वाया जातात. माझं मत विचाराल तर चार इंची वायरवाला ग्राइंडर, एक बरी जिगसॉ (अरुंद पातं वर-खाली चालतं ती करवत) आणि ड्रिल, एवढ्या तीन मशिनी घ्या, आणि बाकीचा पैसा पाती, डिस्क आणि मास्कमध्ये घाला. सर्क्युलर सॉ आत्ता नको. ते किट तर नकोच, का ते पुढे सांगतो.

पण खरेदीच्या आधी एक काम करा, फुकटचं आहे. इंजिन उतरवा, हातोडीचा लाकडी दांडा घ्या आणि ट्रान्सम आतून वरपासून खालपर्यंत ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द येतो, कान लगेच ओळखतो. मग आतल्या बाजूने, अगदी खाली, बिल्जच्या म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या जागेच्या जवळ, 5 मिमीच्या बिटने दोन-तीन भोकं पाडा आणि बिटवर काय येतंय ते बघा. फिकट, कोरडा भुसा आला तर तिथलं प्लाय जिवंत आहे, काळपट ओला लगदा आला, आंबूस वास आला, किंवा भोकातून पाणीच ठिबकायला लागलं तर तिथलं गेलंय. बाहेरची कातडी मात्र फोडू नका, फक्त आतून. याच भोकातून आतल्या फायबरची जाडीही कळते. वाकवलेली बारीक तार आत घालून कडेला अडकवा आणि मोजा, बहुतेक 4 ते 6 मिमी भरेल. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि फक्त इंजिनच्या बोल्टांभोवतीच मऊ असेल, बाकी सगळं टणक असेल, तर कदाचित पूर्ण फळी काढायची गरजच नाही, तेवढा तुकडा बदलून भागेल.

आता फायबर पाती का खातं ते बघा. नाव फायबर असलं तरी आत काचेचे धागे असतात, रेझीनने घट्ट बसवलेले. लाकडाचं जिगसॉचं साधं पातं लावलंत तर सुरुवातीला झकास चालतं, वाटतं उगाच घाबरवत होते, पण फूटभर जाईपर्यंत आवाज बदलतो, मशीन ढकलावं लागतं, धूर येतो, जळक्या रेझीनचा वास येतो आणि पातं काढून बघावं तर दातांची टोकं गोल झालेली, अंगठा फिरवला तरी टोचत नाहीत. काचेने दात घासून काढले. म्हणून फायबरला दातांचं पातं नकोच, दाण्यांचं पातं लागतं. जिगसॉसाठी कार्बाइड ग्रिटचं मिळतं, कडेला दात नसतात, खरखरीत दाणे चिकटवलेले असतात, आणि ग्राइंडरला डायमंड डिस्क, टाइल कापायला लावतात तीच, अखंड कडेची घ्या, खाचांची नको. महाग वाटतील पण साध्या पात्यांचं अख्खं पाकीट जेवढं कापेल त्याच्या कितीतरी पट एक ग्रिटचं पातं कापतं, आणि कापही स्वच्छ येतो.

काकांच्या कटरबद्दल. सुतारांकडे असतो तो चार इंची मार्बल कटरच ना? मशीन वाईट नाही, उलट तुमच्या कामाला फार उपयोगी आहे, फक्त पातं बदलायचं. लाकडाच्या टीसीटी (कार्बाइडची टोकं बसवलेल्या) पात्याचे दात काचेवर आपटून तुटतात आणि तुटलेला दात कुठे उडेल सांगता येत नाही. त्याच कटरला डायमंड पातं लावा आणि खालचा बेस खोलीला सेट करा. ट्रान्समच्या आतल्या कातडीची जाडी मघाशी 5 मिमी आली असेल तर कटर 6-7 मिमीवर लॉक करा. म्हणजे पातं आतली कातडी कापून प्लायमध्ये जेमतेम शिरेल आणि बाहेरच्या कातडीला हात लागणार नाही. हातात धरलेल्या ग्राइंडरने हे इतकं नेमकं जमत नाही, त्याला बेसच नसतो, हात जरा खाली गेला की खोल घुसतं. बाहेरची कातडी कापली गेली तर दुरुस्तीला जाडीच्या 12 पट उतार घासावा लागतो, म्हणजे 6 मिमी जाडीला 72 मिमी, चारही बाजूंनी, आणि मग थरावर थर. एका चुकीच्या कापाने दोन दिवस जातात, शिवाय रेझीन आणि मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या कापडाचा) खर्च. म्हणून काकांना सांगा, कटर तुमचाच आणि हातही तुमचाच, पातं फक्त आम्ही आणलेलं.

एक गोष्ट मात्र काकांनाही करू देऊ नका, कितीही सवय असली तरी. ग्राइंडरला दात्यांचं लाकडाचं पातं लावायचं नाही. बाजारात ग्राइंडरला बसतील अशी पाती सर्रास मिळतात, लोक गार्ड काढून वापरतातही. पण ग्राइंडरला टेकायला बेस नाही, दात अडकला की मशीन क्षणात उलटं फिरून हातावर, मांडीवर, गळ्यावर येतं. मिनिटाला 11-12 हजार फेऱ्या असतात, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, किनाऱ्यावर बोटं गेलेली माणसं तुम्हीही बघितली असतील. तसंच झिजून लहान झालेली सात इंची डिस्क चार इंची मशीनला बसवायचा उद्योग चालतो तोही बंद. सात इंची डिस्कची मर्यादा साधारण 8,500 फेऱ्यांची असते, छोटं मशीन त्याच्या कितीतरी वर फिरतं, डिस्क फुटते. आणि कटिंग डिस्क किंवा फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची, घासायची) घेताना मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाचून घ्या, ती मुदत असते, साधारण तीन वर्षांची. आपल्याकडे दमट हवेत या डिस्क आणखीनच कमजोर होतात, आणि गावातल्या दुकानात जुना माल पडून असतो. डायमंड डिस्कला ही भानगड नसते.

आता ट्रान्समचं काम. आधी होडी नीट टेकवा. ट्रान्सम मोकळा झाला की मागच्या बाजूला आकार धरून ठेवणारं काही राहत नाही, बाजू फाकतात. दोन्ही बाजूंना, तळाला ठोकळे द्या, मागे वरून एक वासा आडवा बांधा आणि कापायच्या आधी रुंदीचं माप घेऊन लिहून ठेवा, नवीन फळी बसवताना तेच माप परत यायला हवं. मग आतल्या कातडीवर, कडांपासून साधारण एक इंच आत, पेन्सिलने रेघ मारा आणि कटरने सरळ काप घ्या. पातं गोल असल्यामुळे कोपऱ्यात कातडीचा वरचा भाग कापला जातो आणि खालचा राहतो, म्हणून कोपऱ्याच्या दोन इंच आधी थांबा. उरलेला कोपरा ऑसिलेटिंग मल्टीटूलने फार सुंदर निघतो, त्याचं पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे भिंतीला चिकटून कापता येतं आणि घसरायची भीती जवळजवळ नाही. पण त्याची कार्बाइडची पाती महाग आहेत आणि तुमचे कोपरे मोजून चारच, तेवढ्यासाठी बजेट मोडू नका. कोणाकडे मिळालं तर दोन दिवस मागून आणा, नाहीतर पटाशी आणि जुनी हॅकसॉ, वेळ लागेल पण होईल.

कातडी निघाली की आतलं कुजलेलं प्लाय मशीनने काढायच्या फंदात पडू नका. पटाशी, हातोडी आणि एक लांब पहारीसारखं काहीतरी. कुजलेलं हातानेच ढलप्या-ढलप्यांनी येतं. जिथे चांगलं चिकटलेलं असतं तिथे मात्र दमवतं, तिथे पटाशी आडवी धरून थर काढत जायचं आणि शेवटचा पापुद्रा फ्लॅप डिस्कने, 40 ग्रिट, ग्राइंडर हलका धरून. इथे वेग कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर असेल तर फार फरक पडतो, पूर्ण वेगाने रेझीन जळतं, चकचकीत होतं आणि त्यावर नवीन थर नीट धरत नाही. म्हणून ग्राइंडर घेताना हजारेक रुपये जास्त गेले तरी स्पीड कंट्रोलवाला घ्या. आत बाजूंना आणि तळालाही चार बोटं रुंद पट्टा रंग, जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) काढून खरखरीत करून घ्या, नवीन मॅट तिथपर्यंत न्यायची आहे. नुसती फळीवर मॅट मारून थांबलात तर इंजिनचा जोर बाजूंना जाणारच नाही.

प्लाय आयएस 710 शिक्क्याचंच, शिक्का शीटवर बघा, दुकानदाराच्या तोंडावर नको. 18 मिमीच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून जाडी येते, तरी काढलेल्या जुन्या फळीची जाडी मोजून तीच धरा, नाहीतर इंजिनचे क्लॅम्प बसणार नाहीत. ही फळी कापायला जिगसॉ पुरते, आधी पुठ्ठ्याचा साचा करून बघा.

हॅचच्या, म्हणजे पुढच्या डेकमधल्या झाकणाच्या भोकाकडे येऊ. पहिली गोष्ट, झाकण आणि त्याची फ्रेम आधी आणा, मग कापा. माप डोक्यात ठेवून भोक पाडलं आणि नंतर मिळालं त्या मापाचं झाकण अर्धा इंच मोठं, असं होतं आणि मग लाकडाच्या पट्ट्या ठोकत बसावं लागतं. दुसरी गोष्ट, डेकच्या खाली डोकं घालून बघा, टॉर्च घेऊन. आडव्या पट्ट्या, ज्यांनी डेकला ताकद मिळते, त्या कुठे आहेत ते खालून मोजून वर खुणा करा. दोन पट्ट्यांच्या मधे भोक येईल असं बसवा, पट्टी कापायची वेळ आली तर जागाच बदला. वायर, पाइप काही जात असेल तर तेही.

कोपरे काटकोनी ठेवायचे नाहीत. फायबरमध्ये धारदार कोपरा ठेवला की तिथूनच चीर जाते, लाटेवर होडी आपटली की हळूहळू वाढत जाते. चार कोपऱ्यांना होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) दोन-अडीच इंची गोल भोकं पाडा, मग त्यांना जोडणारे सरळ काप जिगसॉने घ्या. जिगसॉचा पेंड्युलम (पात्याचा पुढे-मागे झोका) झीरोवर, वेग मध्यम, कापायच्या रेघेवर मास्किंग टेप आणि जिगसॉच्या बेसलाही टेप, म्हणजे जेलकोटवर ओरखडे येत नाहीत. रेघेच्या 2 मिमी आत कापा आणि उरलेलं घासून आणा. होल सॉ किंवा ड्रिल जेलकोटवर लावताना सुरुवातीला उलट्या दिशेने फिरवा, थोडा खळगा पडला की सरळ, कडेचे टवके उडत नाहीत. भोक झाल्यावर कड बघा, मधे प्लाय किंवा फोम दिसत असेल तर तसाच सोडू नका. पटाशीने 10-12 मिमी आत कोरून काढा आणि इपॉक्सीची पुटी भरून टाका.

तुमचा ट्रान्सम कुजला तोही बहुतेक असाच. पाणी फळीच्या मधून येत नाही, बोल्टच्या भोकातून येतं. नवीन फळीला भोकं पाडताना आधी बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, त्यात इपॉक्सी पुटी गच्च भरा, वाळली की त्यातून बोल्टच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला लागतच नाही. बोल्ट 316 स्टेनलेसचे, 304 समुद्रात तांबेरतात. यासाठी ड्रिलला सरळ धरणं महत्त्वाचं, भावाला बाजूला गुण्या धरून उभा करा.

बर्फाच्या पेटीसाठी सर्क्युलर सॉ घ्यायचा मोह होईल. नका घेऊ. प्लायच्या दुकानात किंवा वखारीत मापं द्या, पॅनल सॉवर काटेकोर कापून देतात, खर्च नाममात्र, आणि काकांकडे कटर आहेच, त्याला 40 दाती टीसीटी पातं लावून 12 मिमी प्लाय मस्त कापलं जातं, तिथे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कापलेल्या कडांना रेझीनचे दोन हात द्या, प्लाय कडेतूनच पाणी पितं.

भावाच्या किटबद्दल. कॉर्डलेसला माझा विरोध नाही, पाण्याजवळ बॅटरीचं मशीन सगळ्यात सुरक्षित आणि ड्रिल घ्यायचं तर चांगल्या कंपनीचं 18 व्होल्टचं घ्या असंच म्हणेन, बजेटमध्ये बसत असेल तर. पण ग्राइंडर बॅटरीवर नको. साधा हिशोब करा, 18 व्होल्ट आणि 4 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 72 वॉट-तास मावतात, 700 वॉटचा ग्राइंडर पूर्ण जोरात चालवला तर सहा मिनिटांत संपली. फायबर घासायला तासन् तास लागतात. आणि त्या ऑनलाइन किटांच्या डब्यावर व्होल्टचे मोठमोठे आकडे छापलेले असतात त्यावर विश्वास ठेवू नका. आत लिथियमचे सेल प्रत्येकी 3.6 व्होल्टचे, पाच जोडले की 18 व्होल्ट, बॅटरीचा आकार बघूनच कळतं आत किती मावणार. शिवाय मोटरचे कार्बन ब्रश संपले, आर्मेचर जळालं तर पार्ट कुठे मिळणार? बॉश, मकिता, डीवॉल्ट यातलं काहीही घ्या, पण घेण्याआधी कुडाळ, कणकवली किंवा कोल्हापूरला सर्व्हिस कुठे होते ते विचारा आणि कार्बनचा एक जोड जास्तीचा मशीनबरोबरच घेऊन ठेवा. भाऊ मुंबईत आहे तर त्याला मशीद बंदरच्या बाजूला नागदेवी स्ट्रीटवर पाठवा, पाती, डिस्क, होल सॉ तिथे हातात घेऊन, बघून घेता येतात.

पैशांचं अंदाजे सांगतो, दुकानागणिक थोडं इकडे-तिकडे होईल. ग्राइंडर तीन-साडेतीन हजार, जिगसॉ चार-साडेचार, वायरवालं ड्रिल अडीच-तीन. पाती, डायमंड डिस्क, फ्लॅप डिस्क, होल सॉ मिळून तीन हजार बाजूला काढाच. मास्क, चष्मा, हातमोजे यांना तीन हजार. उरलेल्यात केबल आणि आरसीसीबीचा (वीज गळली की लगेच बंद करणाऱ्या स्विचचा) बॉक्स.

शेवटच्या दोन गोष्टी लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका. फायबरची धूळ म्हणजे काचेची धूळ. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही, निदान एन95, आणि तासन् तास घासायचं असेल तर रबरी हाफ मास्क, धुळीचे फिल्टर लावून. रेझीन मारताना त्यालाच ऑर्गॅनिक व्हेपरची कार्ट्रिज लावता येते, म्हणून तोच घ्या, एकदाच खर्च. सगळीकडून बंद असलेला चष्मा. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, मनगटाला टेप, केस घट्ट बांधून टोपीत, ओढणी किंवा गळ्यात टॉवेल अजिबात नको. कामाआधी मान आणि हातांना टाल्कम पावडर लावा, खाज बरीच कमी होते, आणि नंतर आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने लगेच आंघोळ केली तर धागे आत रुततात असं वाटेल इतकी आग होते. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, घरात लहान मूल असेल तर नक्कीच नाहीत. शंख-शेवाळ धरू नये म्हणून तळाला मारलेला जुना विषारी रंग असेल तो कोरडा घासू नका, पाणी मारून हाताने पॉलिश पेपरने घासा, वायरचं मशीन तिथे आणूच नका.

आणि वीज. किनाऱ्यावर पाय ओल्या वाळूत, हातात 230 व्होल्टचं मशीन. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला बोर्ड वायरमनकडून करून घ्या, त्याशिवाय प्लग लावायचा नाही. दोन पदरी पिळाची वायर नको, जाड रबरी आवरणाची केबल, जोड कुठेही नको, असलाच तर जमिनीवर नको, बांबूला टांगा. पेट्रोलची टाकी, नळी, बरणी, सगळं होडीपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बिल्जमध्ये साचून राहते आणि ग्राइंडरच्या कार्बनची एक ठिणगी पुरते. अर्धा दिवस होडी उघडी ठेवून, तळ धुऊन मगच मशीन चालू. रेझीनचं हार्डनर आणि कोबाल्ट (रेझीन लवकर सेट व्हायला घालतात ते) एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. आधी रेझीनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मग हार्डनर, आणि दोन्हीच्या बाटल्या वेगवेगळ्या जागी. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्या वेळी चष्मा डोळ्यावर हवा, कपाळावर नको.

वेळेचं. पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणून तुम्ही जूनमध्ये काम काढायचं म्हणताय. शक्य असेल तर मेच्या मध्यातच होडी वर घ्या, पंधरा दिवसांचे मासे जातील पण कापणं, घासणं आणि मॅट मारणं हे सगळं मिरगाच्या आधी कोरड्यात व्हायला पाहिजे. पावसाळी हवेत मॅट ओल धरते, पांढरट राहते, थर नीट धरत नाही, आणि उघडं केलेलं प्लाय तर परत भिजतंच. मेच्या उन्हात रेझीन पटकन सेट होतं, म्हणून हार्डनर बेताने, थोडं-थोडं कालवा आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारा. पेटी, रंग, झाकणाचं फिटिंग ही कामं ताडपत्रीखाली जून-जुलैत आरामात होतात, नारळी पौर्णिमेला तयार.

लांबी, इंजिनची ताकद किंवा वरचं बांधकाम बदलत असाल तर नोंदणी जिथे आहे त्या कार्यालयात आधी विचारा, कागद जुळला नाही तर विम्याच्या वेळी अडकतं. फळी तशीच्या तशी बदलताय त्याला सहसा अडचण येऊ नये, तरी बाबांना एकदा परवाना अधिकाऱ्यांच्या कानावर घालायला सांगा.

ठोकून बघितलंत आणि भोकं पाडलीत की ट्रान्समचा आतून एक फोटो पाठवा, भोकांतून निघालेला भुसा प्रत्येक भोकाशेजारी तसाच ठेवून. किती उंचीपर्यंत गेलंय त्यावरून पूर्ण फळी काढायची की अर्धी ते सांगतो. तोवर डायमंड पात्याशिवाय काही विकत घेऊ नका.